मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी आवाज वाढवला की स्टिरिओ बंद का पडतो?

नमस्कार. तुमची अडचण मला समजली ती अशी. गाडीतला कंपनीचा रेडिओ काढून तुम्ही बाहेरून घेतलेला स्टिरिओ बसवला. कपलरच्या (रेडिओच्या मागे लागणाऱ्या प्लगच्या) वायरी रंगाला रंग जुळवून जोडल्या, काळी वायर मात्र डॅशबोर्डच्या मागे हाताला लागलेल्या एका स्क्रूखाली दाबली. स्टिरिओ चालू होतो, हळू आवाजात तासन्‌तास वाजतो. आवाज वाढवला की बेसच्या ठोक्याला बंद पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. इंजिन चालू असलं की हा त्रास कमी. शिवाय चावी बंद केली की घड्याळ, स्टेशन, ब्लूटूथची जोडणी सगळं पुसलं जातं. चावी चालू ठेवून मीटर लावला तर पिवळ्या आणि लाल दोन्ही वायरींवर १२.४ व्होल्ट मिळतात. त्यावरून तुम्ही विचारताय की पॉवर ठीक आहे, म्हणजे स्टिरिओच खराब निघाला का, तो परत करू का?

परत करायची घाई करू नका. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून माझा संशय स्टिरिओवर कमी आणि त्याच्या मागच्या वायरिंगवर जास्त आहे. ज्या आकड्यावर तुम्ही विसंबलात, त्या १२.४ वर तर सगळ्यात जास्त.

गाड्यांचं वायरिंग हे माझं रोजचं काम आहे, आणि स्टिरिओच्या तक्रारींत लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. म्हणजे १२ व्होल्टवर तो जेमतेम एक मायक्रोअँपिअर करंट ओढतो. एवढासा करंट तुटत आलेल्या वायरच्या शेवटच्या एका तारेतूनही जातो, गंजलेल्या स्क्रूमधूनही जातो, टेपखाली काळ्या पडलेल्या जोडातूनही जातो. त्यामुळे मीटरवर पूर्ण व्होल्टेज दिसतं. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो, पाइप आतून किती चोंदलाय ते नळ सोडल्यावरच कळतं, तसंच हे. तुमच्या मीटरने एवढंच सांगितलं की ती वायर कुठून तरी बॅटरीला पोचलेली आहे. ती किती करंट वाहून नेऊ शकते, हे त्याने सांगितलेलंच नाही.

आता यात थोडा हिशेब घालू. समजा काळ्या वायरच्या स्क्रूपाशी किंवा पिवळीच्या जोडात मिळून ०.३ ओहमचा नको असलेला रोध आहे. हळू आवाजात स्टिरिओ एखादा अँपिअर घेतो, तेव्हा तिथे ०.३ व्होल्ट पडतात आणि कुणाला काही जाणवत नाही. बेसचा जोरदार ठोका आला की क्षणभर आठ अँपिअर लागतात. तिथे २.४ व्होल्ट पडले की १२.४ मधून स्टिरिओच्या वाट्याला उरले १०. बहुतेक स्टिरिओंच्या माहितीपुस्तिकेत साधारण साडेदहा-अकरा ते पंधरा-सोळा व्होल्टची मर्यादा दिलेली असते. त्याखाली गेलं की आतला प्रोसेसर बंद पडतो, करंट थांबतो, व्होल्टेज लगेच पूर्ववत होतं आणि स्टिरिओ पुन्हा उठतो. तुम्ही मीटर धरेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १३.८ ते १४.४ व्होल्ट देतो, तेव्हा २.४ वजा जाऊनही ११.५-१२ उरतात आणि स्टिरिओ तग धरतो. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं. पण यावरून ‘बॅटरी कमजोर आहे’ असा निष्कर्ष काढून लोक नवी बॅटरी घेतात आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

दुसरं लक्षण, म्हणजे सगळं पुसलं जाणं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्टिरिओच्या बाजूच्या वायरींचे रंग बहुतेक कंपन्या सारखेच ठेवतात: पिवळी म्हणजे कायमचा पुरवठा, लाल म्हणजे चावीबरोबर येणारा, काळी अर्थ (करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी), निळी अँटेनाला, निळी-पांढरी अ‍ॅम्प्लिफायर सुरू करायला, नारिंगी डॅशबोर्डच्या दिव्यांबरोबरची. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या चार जोड्या स्पीकरच्या. गाडीच्या बाजूला मात्र हे रंग पाळलेच जातील असं नाही. तिथे प्रत्येक कंपनीचा, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचा हिशेब वेगळा असतो. ‘रंगाला रंग जुळवला’ हे वाक्य मी ऐकलं की आधी तिथेच बघतो. गाडीकडची पिवळी वायर तुमच्या कामाची पिवळी असेलच असं नाही.

आयएसओ १०४८७ या आंतरराष्ट्रीय मानकाचं कपलर असेल तर पॉवरच्या खणात चौथी पिन कायमची, सातवी चावीची आणि आठवी अर्थ असायला हवी. पण फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांत चौथी आणि सातवी अदलाबदल केलेल्या मिळतात, आणि इतरांतही हा प्रकार आढळतो. म्हणूनच बऱ्याच तयार हार्नेसमध्ये (गाडीचं कपलर आणि स्टिरिओ यांच्यामध्ये लावायच्या वायरींच्या जुडग्यात) पिवळ्या आणि लाल वायरीवर मध्येच एक सुटणारा गोल जोड दिलेला असतो. दोन्ही उपसायचे आणि एकमेकांत बदलून घालायचे, त्यासाठीच तो असतो.

या दोन वायरी उलट लागल्या तर काय होतं ते बघा. स्टिरिओचा सगळा मोठा करंट पिवळीतून जातो. लाल फक्त ‘आता सुरू हो’ एवढा निरोप देते, तिच्यातून नावापुरताच करंट वाहतो. उलट लागल्यावर पिवळीला चावीची लाइन मिळते. चावी बंद केली की पिवळी मेली आणि आठवणही गेली. शिवाय आठ-दहा अँपिअरचा भार इग्निशन स्विचमधून येणाऱ्या, बहुधा बारीक असलेल्या लाइनवर पडतो. म्हणजे तुमची दोन्ही लक्षणं एकाच चुकीच्या जोडणीतून येऊ शकतात. तरी मी तेवढ्यावर थांबणार नाही, कारण तो डॅशबोर्डमागचा स्क्रू मला डाचतोय. दोन दोष एकाच वेळी असणं या कामात अजिबात दुर्मीळ नाही.

म्हणून पहिली तपासणी चावी काढून करा. स्टिरिओ बाहेर ओढा, कपलर लावलेलाच ठेवा, मीटरची काळी टोकणी गाडीच्या स्वच्छ धातूवर धरा आणि लाल टोकणी मागून पिनेपर्यंत सरकवा. चावी बंद असताना पिवळीवर १२ व्होल्टच्या वर मिळायलाच हवेत आणि लालवर शून्य. चावी ॲक्सेसरीवर फिरवली की लालवरही १२ यायला हवेत. तुम्ही दोन्ही मोजली ती चावी चालू असताना, आणि त्या स्थितीत कोणती कायमची आणि कोणती चावीची हे ओळखताच येत नाही. चावी बंद करून मोजल्यावर पिवळी मेलेली आणि लाल जिवंत निघाली, तर निम्मं कोडं तिथेच सुटलं. तो गोल जोड बदला. तसा जोड नसेल तर स्टिरिओकडच्या हार्नेसच्या तारा कापून बदला, गाडीची मूळ वायर कापू नका.

लालवर कधीच १२ येत नसेल तर गाडीचं वय बघा. अलीकडच्या कित्येक गाड्यांत रेडिओच्या कपलरमध्ये चावीची वेगळी वायर नसतेच. चावी फिरली हा निरोप कॅन बस नावाच्या डेटाच्या दोन वायरींवरून रेडिओला जातो. अशा गाडीत त्या मॉडेलसाठीचा कॅन अडॅप्टर घ्यावा, नाहीतर फ्यूज बॉक्समधल्या चावीबरोबर चालू होणाऱ्या एखाद्या फ्यूजवरून, फ्यूजच्या जागी बसणारा जोडफ्यूज लावून, लाल वायर घ्यावी. एअरबॅग, ब्रेक किंवा इंजिन कंट्रोलचा फ्यूज त्यासाठी वापरू नका. डेटाच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका, आणि पिवळ्या आवरणाच्या एअरबॅगच्या कपलरांना तर हातच लावू नका.

काही जण यावर सोपी वाट काढतात, लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायमच्या लाइनला देतात. स्टिरिओ चालतो, आठवणही राहते. पण तो पूर्ण झोपत नाही. पडदा काळा दिसला तरी आत अर्धा अँपिअर जात राहिला, तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० तासांत पूर्ण रिकामी होईल, आणि गाडी स्टार्ट न होण्याइतकी ती त्याच्या बरीच आधी उतरेल. दोन दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी नुसती टिकटिक करते ती अशी. हे करू नका.

आता अर्थ. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण ‘आवाज वाढवला की बंद’ या तक्रारीत मला दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो.

डॅशबोर्डमागचा प्रत्येक स्क्रू गाडीच्या बॉडीला पोचतोच असं नाही. कित्येक स्क्रू प्लास्टिकच्या चौकटीत रुतलेले असतात. धातूच्या पट्टीत असले, तरी ती पट्टीच रबरावर किंवा रंगाच्या थरावर बसलेली असते. रंग लावलेल्या पत्र्यात स्क्रू पिळला तर फक्त आट्यांच्या टोकाला कुठेतरी धातू लागतो. तुमचा स्क्रू काढून बघा. वायरच्या टोकाखाली रंग शाबूत आणि चमकदार दिसला, किंवा तारांना हिरवट-काळा थर आलेला दिसला, की समजा ०.३ ओहम तिथेच आहेत. तारा नुसत्या गुंडाळून स्क्रूखाली दाबल्या असतील तर बहुतेक वेळा निम्म्या बाहेर निसटलेल्या असतात आणि एकदोन तुटलेल्याही.

एक गोष्ट फार फसवते, ती म्हणजे अँटेना. अँटेनाच्या केबलचं बाहेरचं जाळीदार आवरण एका टोकाला स्टिरिओच्या डब्याला आणि दुसऱ्या टोकाला गाडीच्या छताला किंवा पत्र्याला जोडलेलं असतं. काळी वायर खराब असली की करंट गुपचूप त्या आवरणातून परत जातो. स्टिरिओ चालतो, म्हणून अर्थ ठीक आहे असं वाटतं. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत काळी वायर कुठेच पोचत नव्हती. स्टिरिओ हळू आवाजात व्यवस्थित वाजत होता, आणि अँटेनाची पिन उपसताक्षणी पडदा विझला. तुम्हीही हे करून बघा. स्टिरिओ वाजत असताना अँटेना काढा. बंद पडला, किंवा आवाज वाढवल्यावरचा त्रास एकदम वाढला, तर काळ्या वायरीचं काम अँटेना करतेय. इंजिनच्या वेगाबरोबर वरखाली होणारी ‘कुईंऽऽ’ अशी शीळ स्पीकरमधून येत असेल, तर तिचंही मूळ अनेकदा याच अर्थाच्या घोळात असतं.

एवढं झालं की खरी परीक्षा: लोडवर, म्हणजे स्टिरिओ करंट ओढत असताना, मोजणं. चावी ॲक्सेसरीवर, इंजिन बंद. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. पूर्ण चार्ज आणि विश्रांती घेतलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. तशी असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे आकडे निरर्थक ठरतील. मग मीटर स्टिरिओच्या पिवळी आणि काळी यांच्यामध्ये, अगदी स्टिरिओपाशी लावा आणि ज्या गाण्याला तो बंद पडतो तेच गाणं त्याच आवाजाला लावा. मीटरमध्ये किमान-कमाल नोंदवायचं बटण असेल तर वापरा, कारण घसरण क्षणभराची असते आणि पडद्यावरचा आकडा तिच्यामागे धावू शकत नाही.

बंद पडतानाही १२ च्या आसपास टिकून राहिलं, तर पुरवठ्याला दोष देऊ नका, त्याचं पुढे बघू. १०-११ पर्यंत घसरलं, तर कुठल्या बाजूने घसरतंय ते शोधायचं. लांब वायर जोडून मीटरची काळी टोकणी थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर ठेवा, लाल टोकणी स्टिरिओच्या काळ्या वायरीवर, आणि पुन्हा तेच गाणं. इथे दिसणारे व्होल्ट म्हणजे अर्थाच्या वाटेत वाया गेलेले व्होल्ट. ०.१ पर्यंत उत्तम, ०.२ चालेल, अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर अर्थ बदलायचाच. तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटापासून स्टिरिओच्या पिवळीपर्यंत मोजा. ही वाट लांब असते, मध्ये फ्यूज आणि दोन-तीन कपलर असतात, म्हणून इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर मोजत जा: फ्यूजच्या आधी, फ्यूजच्या नंतर, तुमच्या जोडाच्या अलीकडे, पलीकडे. ज्या दोन जागांमध्ये आकडा उडी मारतो, दोष त्यांच्यामध्ये.

स्टिरिओ लगेच बंद पडत असल्यामुळे मोजायला वेळच मिळत नसेल, तर कपलर स्टिरिओतून काढून त्याच्या पिवळी आणि काळी यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. तो सतत पावणेदोन अँपिअर ओढतो. लख्ख पेटला आणि व्होल्टेजची घसरण एकदोन दशांशांत राहिली तर वाट ठीक. मिणमिणला, तर मीटर काहीही म्हणो, ती वाट कामाची नाही.

जोडांबद्दल थोडं. पिळून टेप गुंडाळलेला जोड पहिल्या दिवशी मीटरला छानच दिसतो. डॅशबोर्डच्या आत उन्हाने टेपचा डिंक सुटतो, गाडीच्या हादऱ्याने तारा सैल होतात, आणि त्रास सुरू होतो तेव्हा जोड केल्याचंही कुणाला आठवत नाही. वायर न सोलता चिमटीत दाबून घ्यायचे ते निळे-लाल क्लिप मी वापरत नाही. त्यांचं पातं मधल्या काही तारा कापतं. योग्य मापाचा क्रिम्प (तारांवर दाबून बसवायची धातूची नळी) आणि त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह, किंवा नीट सोल्डर केलेला आणि ओढ बसणार नाही असा बांधलेला जोड, दोन्ही चालतील.

व्होल्टेज टिकून आहे आणि तरी बंद पडतोय, असं निघालं तर स्पीकरकडे वळा. हल्लीच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण निम्मं व्होल्टेज असतं. त्यातली एकही अर्थाला लागता कामा नये. जुन्या काही गाड्यांत स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला दिलेली असायची, तशी जोडणी आज केली तर स्टिरिओ स्वतःला वाचवायला बंद होतो. कपलर काढा आणि प्रत्येक स्पीकर वायर ते बॉडी असा रोध मोजा, जोड अजिबात दिसायला नको, म्हणजे रोध अनंत (OL) दिसायला हवा. जोडीच्या दोन वायरींमध्ये ४ ओहमच्या स्पीकरला साडेतीन ओहमच्या आसपास मिळेल. दोनच्या खाली मिळालं तर वायर कुठेतरी चिमटलीय किंवा एका जोडीवर दोन स्पीकर लावलेत. दारात जाणारी वायर बिजागरीपाशी आधी तपासा.

निळ्या वायरी स्टिरिओतून बाहेर निरोप देतात, त्यांना बाहेरून १२ व्होल्ट देऊ नका. आणि नारिंगी वायर शंका असेल तर मोकळी ठेवून टोक बंद करा. काही गाड्यांत डॅशबोर्डच्या दिव्यांचा डिमर अर्थाच्या बाजूने काम करतो, तिथे ती जोडली की फ्यूज उडू शकतो. रात्री पडदा थोडा मंद होणार नाही, एवढंच.

फ्यूज उडत असेल तर मोठा घालू नका, हे मी हात जोडून सांगतो. फ्यूज स्टिरिओसाठी कमी आणि वायरसाठी जास्त असतो. १० च्या जागी ३० घातला की पुढच्या शॉर्टला फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर तापते. डब्यावर ‘५० वॅट × ४’ लिहिलंय म्हणून मोठा फ्यूज लागेल असंही नाही. १० अँपिअरचा फ्यूज १४.४ व्होल्टवर १४४ वॅटच आत सोडतो, तेव्हा २०० वॅट सतत बाहेर येणं शक्यच नाही. तो आकडा क्षणिक शिखराचा असतो. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावला असेल तर मात्र त्याला स्टिरिओच्या पिवळीवरून पॉवर देऊ नका. त्याची जाड वायर थेट बॅटरीवरून घ्या आणि फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवा.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा: चावी बंद करून पिवळी-लाल ओळखा, अँटेना काढून बघा, स्क्रू उघडून बघा, मग लोडवर मोजा. अर्थ बदलायचा ठरला तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. डॅशबोर्डच्या आतल्या मुख्य लोखंडी आडव्या दांड्याला किंवा गाडीने स्वतः वापरलेल्या एखाद्या अर्थाच्या बोल्टजवळ जागा निवडा, एअरबॅगचा अर्थ जिथे आहे तो बोल्ट सोडून. रंग घासून धातू उघडा करा, वायरला गोल थिंबल क्रिम्प करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि वरून गंज धरू नये म्हणून थोडं ग्रीस लावा. स्टिरिओसाठी दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची वायर पुरते, जितकी आखूड तितकी चांगली.

सगळं बसवल्यावर रात्री एकदा गाडीच्या झोपेतला, म्हणजे सगळं बंद असतानाचा, करंटही मोजा. बॅटरीच्या निगेटिव्हच्या मालिकेत मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा, दारं बंद, चावी गाडीपासून लांब. आधुनिक गाडी पूर्ण झोपायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त घेते, तोवर आकडा जास्तच दिसेल. मीटर लावलेला असताना गाडी स्टार्ट करू नका, त्याचा फ्यूज जाईल. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या आत स्थिरावलं तर ठीक. स्थिरावलं नाही आणि स्टिरिओचा फ्यूज काढल्यावर आकडा खाली आला, तर लाल वायर बहुधा अजूनही कुठेतरी कायमच्या लाइनवर आहे.

गाडीचं मॉडेल आणि वर्ष, चावी बंद असतानाची दोन मोजमापं आणि बेसच्या ठोक्याला पिवळी-काळीमध्ये दिसलेला सगळ्यात कमी आकडा कळवा. कुठली वायर उघडायची ते त्यावरून सांगता येईल.